निळ्या काठाचे तसराळे कोणास द्यावे

प्रिय पत्नी, तू जाऊन वर्ष झाले. तुझ्या धाकट्या बहिणीने माझ्यामागे कोणाकडे राहायचे, हे अद्याप ठरलेले नाही; आपल्या माणसांची नम्रता आडवी येते. म्हणून हे कागदावर आणणे भाग आहे.

मी, खाली सही करणारा, निवृत्त भूमापन अधिकारी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. वैताग म्हणजे दडपण नव्हे, याची वकिलांकडून खात्री करून घेतली आहे.

१. राहते घर. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "ताईचा मान पहिला, बाबा." मुलीचे म्हणणे असे, की सेवेची संधी धाकट्याला मिळावी, ती मध्ये येणार नाही. दोघांनी एकमेकांना इतका मान दिला, की मावशीला खोली द्यायचे राहूनच गेले. सबब माझ्या पश्चात घर माझ्या मेहुणीच्या मालकीचे होईल. पुढे तिच्या मर्जीने ते मुलांकडे गेलेच, तर वाटणीच्या वेळी कोण कोणाला मान देतो हे पाहायला मी नसेन, एवढे बरे.

२. बँकेतील ठेव. तिच्या व्याजातून मेहुणीसाठी परिचारिका ठेवावी. तिच्या पायांना सूज असते व तिला वाकता येत नाही. दर शनिवारी तू तिचे पाय धुऊन नखे कापायचीस आणि त्याविषयी चर्चमध्ये कधी अवाक्षर काढले नाहीस. हल्ली ते काम मी करतो. ती नावे ठेवते: "भावजी, पाय आहे हा, जमिनीची मोजणी नव्हे." परिचारिका बोलणी सोसणारी असावी.

३. वरील कामाचे, निळ्या काठाचे एनॅमलचे तसराळे. चर्चच्या पंचांनी ते, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीसाठी पाळक दरवर्षी पंचांचे पाय धुतात, त्या विधीसाठी मागितले आहे. एरवी म्हणे ते काचेच्या कपाटात राहील. या विधीला पंच घरूनच पाय साबणाने घासून येतात. गेल्या खेपेस पाळक गुडघे टेकून बसले असता, आपले पाय सर्वांत शेवटी धुवावेत असा आग्रह प्रत्येक पंचाने धरला. पाणी गार झाले आणि एकाचेही पाय न धुता शेवटचे गीत म्हणावे लागले. तसराळे देण्यात येऊ नये. ते वापरात आहे.

४. चर्चमध्ये तुझ्या नावाची संगमरवरी पाटी बसवू नये. तुझ्या अंत्यविधीला पुढचे बाक आपल्याहून योग्य माणसांसाठी सोडून सगळी मंडळी मागे दाटीवाटीने बसली होती. पुढे शवपेटी आणि मी. मुलेही मागेच. तेवढ्यात मेहुणी काठी टेकत आली व म्हणाली, "सरका जरा. मागून ऐकू येत नाही मला." तेवढ्याने तो तास निभावला. माझ्या वेळी पंचांनी पुढे बसावे. ही विनंती नाही.

५. व्यवस्थापक म्हणून पाळकांना नेमले आहे. आपण या कामास अपात्र आहोत, असे ते म्हणाले. पात्रता नको आहे, बँकेत वेळेवर पोहोचणे पुरे, असे मी त्यांना कळवले. ते कबूल झाले.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार: कुटुंबाचे डॉक्टर, चर्चचे पेटीवादक. आधी सही कोणी करायची, यावर दोघांचा बराच वेळ गेला. अखेर वकिलांनी जागेवर बोट ठेवून दाखवले.

स्थळ: चर्चची बैठकीची खोली
दिनांक: नऊ मार्च, रविवार, उपासनेनंतर

सह्यांखालील नोंद: लाभार्थी म्हणून मेहुणीला तोवर बाहेर बसवले होते. नंतर मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "घरबिर राहू द्या. तुम्ही माझ्याआधी जायचं नाही, एवढं घाला त्यात." अशी अट कायद्यात बसत नाही, असे वकिलांनी सांगितले. तिने पुन्हा तेच सांगितले. नोंद केली आहे.

खोलीला कुलूप लावून किल्ल्या रखवालदाराकडे परत दिल्या.