सुरतेत आवाज आला नाही तेव्हा

आबा,

तुम्हाला ऐकू कमी येऊ लागलं ते नेमकं कोणत्या वर्षी, हे मला आजही सांगता येत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तुम्ही धुळ्याकडचं गाव सोडून सुरतेत स्थिरावला होतात, आणि खात्यात, म्हणजे कापड विणणारे सांचे चालायचे त्या पत्र्याच्या शेडमध्ये, तुमची दहाएक वर्षं झाली होती. दुपारी तुमचा डबा घेऊन मी यायची तेव्हा दारातच ती धडधड छातीत शिरायची. एका छपराखाली चाळीस सांचे. तिथे कुणी कुणाला हाक मारत नसे, कारण उपयोगच नव्हता. माणसं एकमेकांकडे तोंड करायची, ओठ मोठे हलवायची आणि उरलेलं बोटांनी सांगायची. धागा तुटला, शेठ आले, चहा पाठव, सगळं बिनआवाजाचं. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच बोलत असतील.

सुरतेतल्या बमरोलीच्या आपल्या खोलीतही तेच चालू राहिलं. माय स्टोव्हपाशी बसून भाकरी थापायची आणि तुम्हाला काही सांगायचं झालं की हातातलं काम सोडून पूर्ण वळायची. बोलून झालं की पुन्हा तव्याकडे. एक तरी भाकरी रोज करपायची, आणि ती तुम्हीच मागून घ्यायचात. मी अकरा-बारा वर्षांची असेन. शाळेतल्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या आणि त्यांना हसवायची मला हुक्की आली. तुमच्यासमोर उभी राहून मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आबा, पाणी पाहिजे का?" तुम्ही म्हणालात, "दे ना, बाई." पोरी खिदळल्या. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तुमची नजर माझ्यावरून त्यांच्याकडे गेली. तुम्ही उठलात, त्या दोघींच्या हातावर शेंगदाणे ठेवून त्यांना प्रेमाने घरी पाठवलंत, आणि मग मायसमोर मला म्हणालात, "तू मन्हाकडे देखीसन बोलस, तव्हय माले समजस. तूच मस्करी करशी, तं मी कोनाकडे देखू?"

आवाज चढला नव्हता. तुमच्या हाताचा मार मी कधी खाल्ला नाही, पण 'मी कुणाकडे बघू' हे वाक्य अजून लागतं. त्या दिवसापासून मी पाठ वळवून तुमच्याशी कधी बोलले नाही. हळूहळू ती सवय सगळ्यांसाठीच झाली. कुणाशीही बोलताना मी समोर जायची, शब्द पूर्ण उच्चारायची, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडावरची नजर हलवायची नाही. कॉलेजात मुलं म्हणायची, ही बघते की खाते!

पुढे मुंबईला आत्याकडे राहून मी बी. ए. झाले आणि तिथे नव्यानेच सुरू झालेल्या टीव्हीत सहायक म्हणून लागले. टीव्ही म्हणजे काय, हे तुम्हाला समजावताना माझी दमछाक झाली. "घरातला सिनेमा," मी म्हटलं. तुम्ही आपल्या खोलीवरून एकदा नजर फिरवलीत. "घरमा एवढी जागा कोठे शे?"

दोन वर्षं मी स्टॉपवॉच घेऊन धावले, पाहुण्यांना पाणी दिलं, फायली वाहिल्या. मग निर्माती झाले. स्वतः मुलाखती घ्याव्यात असं मनात होतं, म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या चाचणीला बसले. ती बघून साहेब म्हणाले, "बाई, हे मराठी कुठलं? थोडं खानदेशी, थोडं गुजराती. आणि ओठ किती हलवता! घास चावल्यासारखे." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन पंधरा दिवस आरशासमोर तोंड मिटून बोलायचा सराव केला. रजेवर सुरतेला आले ती तसंच बोलत. तुम्ही दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिलात आणि काळजीने विचारलंत, "तुले काय व्हयनं? दात दुखी राहिना का?"

तो सराव तिथेच संपला. परत गेल्यावर मी साहेबांना सांगितलं की बोलेन तर माझ्यासारखीच बोलेन, आणि ज्या खुर्चीवर लेखक, डॉक्टर, पुढारी बसतात त्या खुर्चीवर मला कामगार बसवायचे आहेत. पहिली पाहुणी मी शोधून ठेवली होती, गिरणीत तीस वर्षं सुताच्या कांड्या भरणारी एक बाई. साहेब म्हणाले, "ती काय बोलणार?" मी म्हटलं, "विचारून बघू या." बराच वेळ त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "एकच भाग. पडला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि तुम्ही परत पडद्यामागे."

ती बाई नऊवारी नेसून आली आणि दिव्यांच्या झोतात दगडासारखी बसली. मी खुर्ची ओढून इतकी जवळ नेली की तिला माझ्याशिवाय काही दिसू नये. मग तिने माझे ओठ पाहिले आणि तिच्या लक्षात आलं. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आत ती पुटपुटली, "तू खात्यातली गं?" मी म्हटलं, "खात्यातल्याची." त्यानंतर ती थांबलीच नाही. बोलायची गिरणीतल्यासारखी, सगळं तोंड वापरून. कॅमेरामनने तिचा चेहरा पडदाभर धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

कार्यक्रम दाखवायचा होता त्या दिवशी ऑफिसात बसायचं धैर्य मला झालं नाही. मी रजा टाकून सुरतेला आले. आपल्या वस्तीत विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या गुजराती काकांनी मुंबईचं चित्र पकडायला तीन मजले उंच पाइप उभारला होता. हवा बरी असली तर चित्र यायचं, नाहीतर नुसत्या मुंग्या. त्यांनी सगळ्या चाळीला बोलावलं होतं. पहिल्या पाळीचे लोक हातपाय धुऊन आले होते, माय नवं लुगडं नेसून पुढे बसली होती, आणि तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतात. चित्र आलं. मी दिसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण पेटीतून नुसती खरखर. काकांनी सगळी बटणं फिरवून पाहिली, एक जण गच्चीवर पाइप हलवून आला. शेवटी काका ओशाळून तुमच्याकडे वळले, "तमारी दीकरी देखाय छे, पण अवाज नथी आवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेव्हा मागून तुमचा आवाज आला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, गरजेपेक्षा मोठा. "ती इचारी राहिनी, तुम्ही कामले कधी लागन्यात?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तुम्ही पुढे आलात, लोकांनी वाट दिली, आणि पेटीपासून हातभर अंतरावर उभे राहून तुम्ही माझा एकेक प्रश्न सांगत गेलात. पडद्यावर ती बाई आली तेव्हा शेजारच्या सांच्यावरचे तुमचे जोडीदार उठले. "हाई मी सांगस," ते म्हणाले, आणि तिचं बोलणं ते सांगू लागले. पाच मिनिटांत खात्यातली सगळी माणसं बोलायला लागली. एकाचा शब्द सुटला की दुसरा पकडायचा. काका ते गुजरातीत आपल्या बायकोला सांगत होते. मुंबईत हा कार्यक्रम लोकांनी ऐकला असेल, आबा, पण सुरतेसारखा कुठेच ऐकला नसेल. कुणी तरी माझी पाठ थोपटली आणि मला काही दिसेनासं झालं.

मधेच चित्रावर मुंग्या आल्या. तिथे मी त्या बाईला विचारलं होतं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?" साधा प्रश्न, पुढच्या मुद्द्यावर जायला ठेवलेला. तुम्हाला तो दिसला नाही. पण तुम्ही अडला नाहीत. तुम्ही अहिराणीत बोललात, मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते: "ती विचारतेय, सांचे बंद झाल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय ऐकू येतं?" इतका वेळ बोलणारी सगळी गर्दी गप्प झाली. चित्र परत आलं तेव्हा ती बाई खाली बघून हसत होती, आणि सगळ्यांना वाटलं की ती त्याच प्रश्नावर हसतेय. हा प्रश्न माझा नाही, असं मी काही बोलले नाही.

आठवड्याची रजा संपवून ऑफिसात गेले तर टेबलावर पत्रांचा ढीग. त्यात एक बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंचं होतं. टीव्हीवर बोलणाऱ्या सगळ्या माणसांमध्ये आमच्या मुलांना एवढ्या एकीचंच बोलणं समजतं, असं त्यांनी लिहिलं होतं. साहेबांनी ते उभ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ओठ हलू द्या." कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं चालला. त्या खुर्चीवर सुईण बसली, गटारात उतरणारा बसला, बॉयलरवाला बसला. रस्त्यात अनोळखी बायका मला थांबवून आपली हकीकत सांगायला लागल्या. नवीन मुलंमुली घेतली की साहेब त्यांना माझ्याकडे पाठवायचे, "जा, बाई कशा बघतात ते बघून या."

आणि प्रत्येकाला मी शेवटी तोच प्रश्न विचारायची. काम थांबलं की पहिल्यांदा काय ऐकू येतं? सुईण म्हणाली, माझाच श्वास. बॉयलरवाला म्हणाला, कावळे. लोक त्या एका उत्तरासाठी थांबून राहायचे. माझा सत्कार झाला त्या दिवशी तुम्ही कोट घालून पहिल्या रांगेत बसला होतात. एका वार्ताहराने विचारलं, हा प्रश्न तुम्हाला कुठे मिळाला? मी म्हटलं, "असाच सुचला एकदा." तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. तुम्हाला ते कळलं असणार. तरी सगळ्यांत आधी टाळी तुम्हीच वाजवलीत, आणि परतताना टॅक्सीत म्हणालात, "चांगलं बोलनी तू."

त्या दिवशी, त्या टॅक्सीत, त्यानंतर तुम्ही होतात तितक्या वर्षांत कधीही मला खरं सांगता आलं असतं. आज इतक्या वर्षांनी लिहितेय, आणि हे कागद कुठे टाकायचे तेही माहीत नाही. पण मला टोचतं ते प्रश्न माझ्या नावावर खपवला म्हणून नाही, आबा. तो मी शेकडो लोकांना विचारला. तुम्हाला कधी विचारला नाही.