कथेला लावलेला कौल

आई, तू जाऊन अठरा वर्षे झाली, आणि तुझ्या धाकट्या लेकीला जाऊन आज महिना होईल. तिचे दिवस मीच केले. तुला लिहावयास बसलो आहे ते तिच्याविषयीच.

तुझे स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. तू सोवळ्यात चुलीपुढे बसलेली आहेस. छापील कागद सोवळ्यात शिवायचा नाही, म्हणून मासिकाचा अंक पाटावर उघडा ठेवून तू तुराटीच्या काडीने पाने उलटतेस. घोडेगावच्या कचेरीतील एका कारकुनाकडे ते मासिक येई. त्या गावी दरमहा माझे पुराण असे, म्हणून त्याने वाचून देऊन टाकलेला अंक आणणे माझ्याकडे होते. त्यात एक कादंबरी क्रमाने येत होती. तिच्यातली बालविधवा केस काढू देत नाही, घर सोडून शिकायला जाते. तू मोठ्याने वाचायचीस, धाकटी भाजी निवडीत ऐकायची, आणि दूध घालणारी बाई उंबऱ्याबाहेर बसून राहायची.

"काय वं काकू, पोर शाळंत गेली का न्हाई?"

"गेली हो. पण तुझं दूध नासेल तिकडे."

"नासू द्या. सासऱ्याचं त्वांड कसं झालं त्ये सांगा आदी!"

तुम्ही तिघी हसत असा. ओसरीवर पोथी उघडून बसलेल्या मला ते हसणे टोचत असे.

धाकटीला तेरावे लागले होते. नवव्या वर्षीच तिचे कुंकू पुसले गेले होते आणि केशवपनाची गोष्ट आता मीच काढली होती. तू म्हणालीस, "हिला पुण्याला शिकायला धाडू या." मी शास्त्र सांगू लागलो. तेव्हा देवाला कौल लावावा तसा तू त्या कथेला कौल लावलास. "पुढल्या अंकात शेवट आहे. त्या मुलीचं बरं झालं, तर आपली जाईल. वाईट झालं, तर मी पुन्हा नाव काढणार नाही." मी होकार दिला. असल्या कथेचा शेवट वाईटच व्हायचा, अशी माझी खात्री होती.

तो अंक मी वाटेतच एका वडाखाली बसून वाचला. त्या मुलीने स्वतःच्या ओसरीवर मुलींची शाळा काढली होती. ती आपल्या कमाईचे जेवत होती. लिहिणाऱ्याने तिला शिक्षा केलीच नव्हती.

"पाय मागाहून धू," तू म्हणालीस. "तिचं काय झालं?"

"विहिरीत जीव दिला. असला मजकूर घरात नको, म्हणून अंक कुकडीच्या पाण्यात सोडला."

"अगं आई गं," दूधवाली म्हणाली, "लई गुणाची व्हती वं." तू हातातली काडी चुलीत सारलीस. आठ दिवसांनी न्हावी आला.

सत्यावर मी तीस वर्षे निरूपण करीत आहे. अर्ध्या सत्यापायी एका राजाचा रथ भुईला टेकला, हे सांगताना श्रोते डोळे टिपतात. माझ्या बोलण्यात तर अर्धेही सत्य नव्हते. लावलेला कौल फिरवणाऱ्याची गती काय होते, हे मी इतरांना सांगतो. धर्मासाठी केले, असे मनाला समजावीत आलो. खरे एवढेच, की विधवा बहीण शाळेत गेली तर माझे पुराण ऐकायला कोणी बसणार नाही, याचे मला भय वाटले.

शेवटच्या तापात धाकटीने विचारले, "दादा, एवढी हुशार मुलगी, विहिरीच्या काठाशी थांबली कशी नाही?" बावीस वर्षे तिने त्या मुलीला मनात वागवले होते. मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी तेवढी बदलली.

अंक कुकडीत सोडलेला नाही, आई. तो माझ्या पोथीच्या रुमालात आहे. त्या पोथीला धाकटी रोज फूल वाहत असे. हे पत्रही तेथेच राहील. आणि तू आज दारात उभी राहून विचारलेस, तर मी पुन्हा विहीरच सांगेन.