माझ्या माघारी कण्हेर

मी, सिंधूताई पंजाबराव इंगळे, वय ७१, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने भांडून पाहावे.

१. राहते घर व अंगण मुलगा अविनाश यास. तो पुण्यास असतो. विकले तरी हरकत नाही. मात्र माझ्या माघारी अंगणातली कण्हेर आधी मुळासकट काढावी. वाळले पानही ठेवू नये, चुलीतही घालू नये, धूर वाईट असतो.

ही कण्हेर माझ्या मालकांनी कुंपणाला लावली, कारण शेळ्या सगळे खातात, तिला तेवढे सोडतात. मालक गेले तेव्हा त्यांची थोडी राख मी तिच्या बुडाशी घातली. सकाळचा चहा तिथेच घेते, त्यांच्याशी बोलते. लोक हसतात, हसोत बापडे. जिवंतपणी तिच्यावर कुदळ पाहणे मला जमणार नाही.

२. दीर नारायणराव यांस काहीही नाही. ते महादेवासाठी माझीच फुले तोडतात आणि आंघोळ होईस्तोवर पितळी वाडग्यात, पाण्यात घालून माझ्याच ओट्यावर ठेवतात. गेल्या श्रावणात ते पाणी माझी भुरी मांजर प्याली. लाळ, उलट्या, मग अंग गार. चिखलीच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचलो तर ती माझ्या मांडीवरच गेली होती. डॉक्टर म्हणाले, पान चावायलाच हवे असे नाही, फुलाच्या पाण्यातही विष उतरते.

नारायणराव काय म्हणाले? "जनावराले समजते, वहिनी. शेळी लावते का कण्हेरीले तोंड? मांजर काय, दुसरी आणजा." अहो, शेळीला पानाचे कळते, पाण्याचे कोणाला कळणार! हे बोलणे मी वर जाऊन त्यांच्या भावाला सांगणार आहे.

३. शिलाई मशीन नारायणरावांची सून योगिनी हिला. त्या दिवशी तीच मला गाडीवर घेऊन धावली. भुरीची पिल्ले, तिळी आणि कापशी, तिच्या हवाली. डॉक्टरांनी लिलीही मांजरांना घातक सांगितली, तेव्हा तिने दारची कुंडी काढून टाकली. जास्वंद, मोगरा खुशाल ठेवावा.

४. इथवर लिहून योगिनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मोठ्या आई, तुम्ही गेल्यावर कण्हेर काढाची, मंग तोवर तिळीनं काय कराचं?"

मला रडूच आले. मालक आधी मांजराला दूध घालत, मग चहा घेत. त्यांच्या नावाने मी त्याच दारात विष जपत बसले होते.

सबब कलम १ मधील कण्हेरीची अट रद्द. कण्हेर आज सकाळीच निघाली. कुदळ नारायणरावांनी चालवली. घाम पुसून एवढेच म्हणाले, "महादेवाले बेल पुरते." मुळ्या वेचून टाकल्या, बुडाची माती मी पदरात घेऊन माझ्या अंगणातल्या जास्वंदीला घातली. उद्याचा चहा तिथे.

कलम २ मात्र कायम.

खड्डा बुजवायचा राहिला आहे, कारण त्यात आत्ता कापशी झोपली आहे.

मृत्युपत्र करणार: सिंधूताई पंजाबराव इंगळे (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. नारायणराव इंगळे (सही, कलम २ वाचले, खरे आहे)
२. जयमाला शेळके, शेजारीण (सही)

ठिकाण: उंद्री, घरचे अंगण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४