मुंगीचं घर वाहून जातं तिथे

प्रिय बाई,

शाळेत इतकी वर्षं ‘अहो बाई, अहो बाई’ करत तुझ्या मागे फिरलो. पत्रात तरी ‘तू’ म्हणतो, रागावू नकोस.

तू बदली होऊन गेलीस, तरी दुसरीचा वर्ग रोज तूच घेतेस. मुलं टॅब उघडतात, कानाला हेडफोन लावतात आणि तू रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजामागून बोट फिरवत धडा वाचतात. ती कोपऱ्यातली अबोल मुलगी, जी तोंडातून अक्षर काढत नव्हती, ती आता वाक्याच्या शेवटी थेट तुझ्यासारखा हेल काढते. मी शेजारी तिसरीवर. कुणाचा हेडफोन निसटला की भिंतीपलीकडून तुझा आवाज येतो आणि माझा साताचा पाढा चुकतो. पोरांना फुकटची करमणूक.

मुंगीचा धडा आठवतो? शाळा सुटल्यावर रेकॉर्ड करायला बसली होतीस. बाहेरचा आवाज नको म्हणून मी चवड्यांवर चालत खिडकी लावायला आलो आणि तुझं वाचन ऐकत पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर टेकलो. खुर्चीने मान टाकली, मी भुईसपाट. नेमकी ‘मुंगीचं घर वाहून गेलं’ या वाक्याला तू खुदकन हसलीस. पुन्हा वाचायचा कंटाळा, म्हणून तसंच राहू दिलंस. आता अख्खी दुसरी त्या वाक्यानंतर खुदकन हसते. परवा तपासणीला साहेब आले, त्यांच्यापुढेही हसली. बिचारीचं घर गेलं त्यात हसण्यासारखं काय, असं त्यांनी विचारलं, तर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की तिथे हसायचं असतं. मोठ्या बाईंचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

मग मला हुकूम सुटला: धडा नव्याने रेकॉर्ड करा, हसणं नको. केला बाई, घसा खाकरून, शहाण्यासारखा. मुलांनी लावला तेव्हा मी दारात उभा होतो. ते वाक्य आलं आणि सगळी बोटं तिथेच थांबली, वाट बघत. माझा आवाज एकटाच पुढे निघून गेला. शेवटी ती अबोल मुलगी टॅब घेऊन माझ्याकडे आली आणि हा बिघडलाय म्हणून माझ्या हातात देऊन गेली.

तुझा धडा पुसायला माझा हात धजावत नाही. मोठ्या बाईंना सांगितलंय, ज्या बाईंचा धडा, त्या स्वतःच सुट्टीत येऊन नीट वाचून देतील. पण खरं सांगू? धडा निमित्त आहे. तुझी फार आठवण येते. निरोपाच्या दिवशी सगळे काय काय बोलले, आणि मी मठ्ठासारखा चार्जर कुठे ठेवलेत तेवढं विचारत बसलो. विचारायचं होतं, माझ्याशी लग्न करशील का? उत्तर पत्राने पाठवू नकोस. ये आणि धडा वाच. नकार असेल तर ते वाक्य सरळ वाचून टाक, मोठ्या बाई खूश होतील. होकार असेल तर तिथे हस. मी दारातच उभा असेन.

तुझाच,
खुर्ची मोडणारा तिसरीचा मास्तर