सूर्यफुलाच्या पानामागची अंडी

प्रिय धाकट्या,

चिमणीचा श्वास कसा आहे? तुझ्या घरामागच्या मैदानात ते पांढऱ्या फुलांचं तण पुन्हा छातीएवढं वाढलं असेल. कापलं की महिन्याभरात हजर. फुलोरा आला की पोरीचे डोळे सुजतात, तिला आडवं होता येत नाही, हे मी विसरलेले नाही. ‘तुझ्या किड्यांना अजून किती परीक्षा द्यायच्यात, डॉक्टर व्हायचंय का त्यांना?’ असं तू आमच्या प्रयोगशाळेतून जाताना टोचलंस. मी हसले खरी, पण लागलं.

आमचे भुंगेरे त्या तणाच्या पानांची चाळणी करतात आणि दुसऱ्या झाडाकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं मीच तुला किडे बाहेर निसटू नयेत म्हणून दोन दारं लावलेल्या त्या खोलीत उभी राहून सांगितलं. बाहेरच्या माणसाला तिथे नेत नाहीत. पण तू फार थकलेला दिसलास. वाटलं, ताई हातावर हात धरून बसलेली नाही, एवढं तरी याला दिसू दे. तुझी काळजी होती की मला मिरवायचं होतं? दोन्ही असावं.

एक चाचणी तेव्हा चालूच होती. भुंगेऱ्यांना तण द्यायचंच नाही, नुसती सूर्यफुलाची पानं ठेवायची. उपाशी जीव कशालाही तोंड लावतो, म्हणून पान थोडं कुरतडलेलं दिसलं तर आम्ही घाबरत नाही. पण त्यावर अंडी घातली आणि अळ्या पोसल्या, तर गोष्ट वेगळी. तू गेलास आणि दोन-तीन दिवसांतच पानामागे अंडी दिसली, पिवळी, दाटीनं चिकटलेली. आता अळ्या निघाल्यात आणि त्या मजेत खाताहेत. बाहेर, शेजारी तण असताना, ते असं करतील का? कदाचित नाही. पण तुझ्या सासऱ्यांचं सूर्यफूल त्या मैदानाला लागून आहे, आणि ‘कदाचित’वर मला सही करता येईना. यंदा बाहेरच्या तणावर भुंगेरे सोडू नयेत, असं मी आज लिहून दिलं. चिमणीचा चेहरा डोळ्यांसमोर होता, तरी दिलं.

आणि लिहून देऊन खोलीत गेले, तू गेल्यापासून पहिल्यांदाच मधल्या फळीवरचे भुंगेऱ्यांचे डबे मोजले, तर एक कमी. कुंडीतल्या तणाची कोवळी डहाळीही कुणीतरी खुडून नेलेली. वाटेत त्यांना खायला लागेल, हे माझं बोलणं मन लावून ऐकणाऱ्यालाच सुचेल. मी चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हाच ना? तू फोन उचलत नाहीस, म्हणून आमच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय. डबा उघडला नसशील तर तसाच त्याच्याकडे दे. उघडला असशील तर कुठे, तेवढं लिही. मी येऊन एकेक पान उलटून बघेन. उद्या सकाळी मी साहेबांना सांगणार आहे. तुला आत मीच नेलं, हे आधी सांगेन. पण डबा कुणी नेला असं विचारलं, तर तुझं नाव घेईन. चिमणीला काही कबूल करून बसला असशील, तर आत्या नको म्हणाली, असं सांग. तिला रागवू दे माझ्यावर.

तरीही तुझीच,
ताई