ताईचा संघ

प्रिय ताई,

पोचले सुखरूप. निघताना तुझ्या खोलीला कुलूप लावलं होतं का, गॅस बंद केला होता का, या सगळ्या काळज्या बसमध्येच करून झाल्या, त्यामुळे आता जरा निवांत लिहिते आहे. तू सावकाश वाच. मधूनच शेवटाकडे उडी मारू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

सुट्टीचे आठ दिवस मी तुझा तो बेसबॉलचा व्हिडिओ गेम बघत बसले, आणि खरं सांगते, एवढं मी कॉलेजात शिकले नाही. मैत्रिणीचा जुना गेम मी तुझ्याकडे आणून टाकला तेव्हा पहिल्या दिवशी तू बॅट फिरवून फिरवून वैतागली होतीस. मग त्यातला संघ सांभाळायचा प्रकार तुला सापडला. "म्हणजे आपण पळायचं नाही? कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, एवढंच? हे तर आमच्या कारखान्यातल्या शिलाईच्या लाइनवरचंच काम!" म्हणत तू मांडी घालून बसलीस ती बसलीसच. पडद्यावरचे इंग्रजी शब्द मी चारदा समजावले, पण तू आपली वेगळी वही केलीस. लांब फटके मारणारा तो कात्री, जागचा न हलणारा तो बटण, दुसऱ्यांच्या चुका निस्तरणारा तो रफू, आणि प्रत्येकापुढे त्याचं चित्र.

अंतिम सामन्यात आपण एका धावेने पुढे होतो. सगळ्यांत जास्त गुणांचा आपला गोलंदाज चेंडू टाकत होता, आणि तू नेमकं त्यालाच बाहेर काढलंस. मी ओरडलेच, "अगं, डोकं फिरलं का तुझं? आकडे बघ ना!" तू त्याच्या नावाखालच्या ताकदीच्या पट्टीवर बोट ठेवलंस. ती पार बारीक झाली होती. "हात थकला की टाका वाकडा जातो. तो सांगणार नाही, आपण ओळखायचं." आणि ज्याला विकून टाक म्हणून मी तीनदा कटकट केली होती, त्या रफूला तू चेंडू दिलास. जिंकलो. मी नाचत होते, आणि तू आधी बघितलंस ते बाहेर बसलेल्याची पट्टी भरते आहे की नाही.

तेव्हा माझा नाच मध्येच का थांबला, ते आज सांगते. गेल्या वर्षी तुझ्या आजारपणाचा दाखला द्यायला मी कारखान्यात गेले होते. तुमच्या साहेबांनी मला फाटकापाशी थांबवलं. "तुझ्या ताईला लाइनची सुपरवायझर करावं म्हणतो. कागदपत्रं जमतील का तिला? तू शिकलेली, तूच सांग." आणि घरातली पहिली शिकलेली मी म्हणाले, "नाही जमणार." रोजचा तक्ता भरताना तू अडलीस तर लोक हसतील, एवढंच माझ्या भित्र्या डोक्यात आलं. तुला विचारावं, हे आलंच नाही. मग साहेबांनी त्या जागेवर बाहेरून बाई आणली. तिला दोन महिने काम तूच शिकवलंस, आणि "बाई गुणाची आहे गं, पण तिला हात ओळखता येत नाहीत," असं हसत मला सांगितलंस. मी मान डोलावली.

ती बाई आता सोडून चालली आहे, हे तूच परवा बोललीस. म्हणून सोमवारी बस पकडण्याआधी मी साहेबांना गाठलं आणि सांगितलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "अर्ज तिचा हवा, तुझा नको. शनिवारपर्यंत." सोबत अर्ज आहे. मी तो पेन्सिलीने भरलाय, म्हणजे तुला खोडता येईल. नको असेल तर फाडून टाक, मी एका शब्दाने बोलणार नाही. हवा असेल तर पेनने तूच गिरव आणि सही कर. आणि माझा राग आला असेल, येणारच, तर मला हवे तितके सामने बाहेर बसव. फक्त संघातून काढू नकोस.

तुझीच,
शंकेखोर