निवळलेलं पाणी

१९ मार्च १९९६
आजही काही नाही! नाल्याचं पाणी घड्यात ठेवतो, सकाळी वरचं निवळ तेवढं बादलीत घेतो — खालचा गाळ आई टाकते. बादलीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, त्यांना स्कूटरची बॅटरी जोडलेली. पट्टी झिजते, तिचं ॲल्युमिनियम साबणाच्या पाण्यातलं फॉस्फेट धरतं आणि तळाशी बसतं. फुकटचं खत! तळाशी पांढरा चिखल बसतोय. कस्तुरीनं तो तिच्या एमेस्सीच्या लॅबमध्ये तपासला. फॉस्फेट असतं तर पिवळा रंग यायला हवा होता. नाही आला.

२२ मार्च
दूधविनायकच्या गल्लीत आता तमाशाच झालाय. पानवाला ओरडतो, "का वैज्ञानिक जी, नाली से आज कितना सोना निकला?" गेल्या वर्षी कॉलेजातले सरसुद्धा असेच हसले होते. "गंगा साफ़ करेंगे? पेशवा जी, पहले हाज़िरी पूरी कीजिए!" परीक्षानळी आपटली, बाहेर पडलो. परत गेलो नाही. पश्चात्ताप नाही.
आहे.

२९ मार्च
कस्तुरीचे बाबा, शरदकाका, दारातच म्हणाले, "तुझं ते खत निघू दे, कॉलेजात परत जा, मग बोलू. नाहीतर इंदूरचं स्थळ आहे. अक्षय्यतृतीयेला साखरपुडा." ती आत होती. बांगड्या वाजल्या फक्त.

६ एप्रिल
कस्तुरी अमृतराव घाटावर भेटायला आली. तिसऱ्यांदा तपासलं म्हणाली, बादलीतलं पाणीसुद्धा. "विश्वेश, तुझ्या पाण्यात फॉस्फेटच नाहीये रे. पट्टी बिचारी धरणार काय?"
नाल्याच्या पाण्यात नाही? साबणाचा फेस डोळ्यांनी दिसतो! डोकं फिरलं. म्हणालो — तू मुद्दाम करतेस, तुला इंदूरच हवंय!
"पागल आहेस का?" मग अगदी हळू, "ठीक. दुसऱ्या कुणाकडून तपासून घे."
पायऱ्या चढून गेली. वळली नाही.

७ एप्रिल
जेवलो नाही. तिच्या घरावरून गेलो. खिडकी बंद.

२० एप्रिल
साखरपुड्याचे पेढे आले. आईनं माझ्यापुढे वाटी ठेवली आणि स्वतःच डोळे पुसत आत गेली. बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाकली. पट्ट्या पण. जगून काय करायचंय, कळत नाही.

२१ एप्रिल
घडा रिकामा करत होतो. आई म्हणाली, "मग आता रोज त्यात तुरटी फिरवायला नको ना रे?"
"कसली तुरटी?"
"अरे, तुझं पाणी निवळावं म्हणून! पुराच्या पाण्यात फिरवते तशी. गाळ तुळशीत घालते — बघ तरी, कशी फोफावलीय!"
तुरटीतही ॲल्युमिनियमच. बादलीत यायच्या आधीच सगळं फॉस्फेट घड्यात धरलं गेलं होतं. गाळात.
कस्तुरी खरं बोलत होती.